वाकलेले दाजी

पसरलेल्या जुन्या तांदळाचा वास आला की आमच्या रिहे गावातली ती दुपार आठवते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ताईच्या लग्नाचा व्हिडिओ अडकला होता. दाजी हार घालायला वाकले ते वाकलेलेच. "आता ह्यांची कंबर मोडंल," म्हणून ताई हसली, पण तिचा चेहरा उतरला होता, कारण दुसरी प्रत नव्हती. अंगणात आई पिंपातला तांदूळ काढून, वारा देऊन परत भरत होती. "लई दिस पडून ऱ्हायला की हलवावा लागतो." लॅपटॉपमधल्या एसएसडी डिस्कवर वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फायलीही हळू वाचल्या जातात, हे मी कॉलेजात वाचलं होतं. मी घाबरतच सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं, तपासलं आणि पुन्हा नव्यानं भरलं. संध्याकाळी दाजींनी एका दमात हार घातला आणि घरभर टाळ्या वाजल्या. आता दरवर्षी तांदूळ पसरला की आई मला हाक मारते, "औंदा ताईचं लगीन हलवलंस का रं?"