वहिनींनी न पाहिलेले किनारे

आमच्या वहिनी खोटं बोलतात. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्यांना भेटलेल्या कुणालाही ते पटत नाही. दुकानदाराने चुकून दोन बटाटे जास्त घातले तर अर्ध्या वाटेवरून परत फिरणारी बाई ती. पण थोरल्या बहिणीशी, म्हणजे अक्कांशी, त्या वीस-बावीस वर्षं फोनवर धडधडीत खोटं बोलत आल्या. आणि तेही इतकं रंगवून, की शेजारी लसूण सोलत बसलेली मी सोलायचं विसरून ऐकत राहायची.

मी त्यांची धाकटी जाऊ. वरच्या मजल्यावर त्या, खाली आम्ही, आणि मधल्या जिन्यात आमची भांडणं. तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायचा अधिकार माझ्याइतका कुणालाच नाही, मोठ्या दिरांनाही नाही.

खोटं होतं किनाऱ्यांचं. आमचं बेट किनाऱ्यांसाठी प्रसिद्ध. लांबलांबून माणसं विमानाने येतात, लाल होईपर्यंत उन्हात पडतात आणि खूश होऊन परत जातात. वहिनी फोनवर सांगायच्या, "अगं अक्का, काल दीपगृहाच्या किनाऱ्यावर गेलो होतो. नुसता शिंपल्यांचा चुरा! आणि त्याच्या आधी काळ्या किनाऱ्यावर. वाळू कशी, तर काजळासारखी. पण सगळ्यांत छान आपला पिठाचा किनारा. पाय ठेवला की मैद्यात ठेवल्यासारखा."

यातल्या एकाही किनाऱ्यावर त्या कधी गेल्या नव्हत्या. आम्ही राहतो बंदराच्या बाजूला. इथे समुद्र म्हणजे धक्का, दोरखंड, डिझेलचा वास आणि मासळीच्या पेट्या. चांगले किनारे सगळे डोंगराच्या पलीकडे. बस जाते, पण जाणार कोण आणि कधी? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगाच नाही. मीसुद्धा लग्न होऊन इथे आले तेव्हा एकदा जाऊन आले, डोकं दुखलं, परत गेले नाही.

वहिनींना किनारे माहीत होते ते टॉवेलांमधून. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात कपडे धुण्याचा विभाग आहे, तिथे त्या नोकरीला. हॉटेलची बस पाहुण्यांना रोज वेगळ्या किनाऱ्यावर नेते. संध्याकाळी ओले टॉवेल मोठ्या पिशव्यांतून खाली येतात, प्रत्येक पिशवीवर किनाऱ्याचं नाव. वाळू मशीनमध्ये गेली तर मशीन बिघडतं, म्हणून आधी प्रत्येक टॉवेल झटकायचा. वहिनी झटकता झटकता बेट शिकल्या. शिंपल्यांचा चुरा कुठून येतो, काळी वाळू कुठून, गुलाबी कण कुठून, सगळं तोंडपाठ. त्यांची प्रतवारीही त्यांचीच. "काळी वाळू गुणी गं, एका झटक्यात सुटते. ती पिठाची मात्र मेली लोचट! तीनदा धुतलं तरी शिवणीत बसून राहते." जगभरचे लोक ज्या किनाऱ्याच्या नावाने उसासे टाकतात, त्याला आमच्या घरात फक्त शिव्या मिळायच्या. फोनवर मात्र तोच सगळ्यांत छान.

मी एकदा विचारलं, "वहिनी, कशाला हे? सांगा ना सरळ, वेळ मिळत नाही म्हणून."

तेव्हा त्यांनी सांगितलं. आई लहानपणीच गेलेली, अक्कांनीच त्यांना वाढवलं. वेण्या घातल्या, अभ्यास घेतला, धपाटेही घातले. लग्नाचं वय झालं तेव्हा हे समुद्रापलीकडचं स्थळ अक्कांनीच ठरवलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. पण बोट सुटली आणि अक्कांनी जे अंथरूण धरलं ते उठेचनात. पोरीला मीच पाण्यात ढकलली, हा एकच घोष. पहिला फोन लागला तेव्हा त्या नुसत्या रडत होत्या. वहिनींना काय बोलावं सुचेना, म्हणून तोंडाला आलं ते बोलल्या: इथे इतके सुंदर किनारे आहेत, आम्ही दर सुट्टीला जातो, मी मजेत आहे. अक्कांचं रडणं थांबलं. मग नवीन नोकरी लागली, टॉवेल हाती आले आणि खोट्याला माल मिळाला.

"माझी अक्का त्या दिवसापासून जेवायला लागली," वहिनी म्हणाल्या. "मग मी काय चूक केली?" मी लसणाची पाकळी उचलली आणि सोलायला लागले. 

आणि मागच्या वर्षी अक्कांचा फोन आला. मुलगा तिकीट काढून देतोय, गुडघे चालताहेत तोवर येऊन जाते. "तुझे सगळे किनारे बघायचेत. तू दाखवायचेस, दुसऱ्या कुणी नाही."

मोठे दीर पोट धरून हसले. "आता आली का पंचाईत!" वहिनींना हसू येईना. अक्का रागावतील याची त्यांना भीती नव्हती, राग त्या लहानपणापासून झेलत आल्या होत्या. भीती वेगळीच होती. खरं कळलं की अक्का पुन्हा स्वतःला बोल लावत बसतील, या वयात, आणि या वेळी त्यांना समजवायला काही उरणार नाही. "कळता कामा नये," त्यांनी मला बजावलं. "तू बरोबर यायचं. मी अडकले की विषय बदलायचा. तेवढं तुला चांगलं येतं."

अक्का आल्या. उंच, ताठ, हातात पिशवी घट्ट धरलेली. बंदरावर उतरताच बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "वाळलीस." मग माझ्याकडे बघून, "आणि ही धाकटी जाऊ ना? ही बरी आहे." माझ्या तब्येतीवरचा हा शेरा, त्या पाहुण्या म्हणून, मी सोडून दिला.

दीपगृहाचा किनारा निभावला. बसने गेलो, वहिनी पुढे, आम्ही मागे. खांद्यावर पिशवी अडकवून त्या अशा चालत होत्या की जणू रोजचा रस्ता. शिंपले टोचत होते, पण अक्कांनी रुमाल भरून गोळा केले. वहिनींनी त्यांना सांगितलं, "रुमाल वाळल्यावर झटक, चुरा लगेच सुटतो. ओलं असताना चोळायचं नाही." अक्का कौतुकाने म्हणाल्या, "किती माहिती आहे गं तुला!" मी समुद्राकडे तोंड करून हसून घेतलं. पण खरं सांगते, मला त्या दिवशी वहिनींकडे बघवत नव्हतं. त्या बहिणीला समुद्र दाखवत होत्या आणि स्वतः मात्र अधाशासारख्या बघत होत्या. अक्का बोलत असतानाही वहिनींचे डोळे पाण्यावरून हटत नव्हते.

काळ्या किनाऱ्यावर मात्र फजिती झाली. पोचलो ते ऐन दुपारी. वहिनींनी थाटात चपला काढल्या, अक्कांनाही काढायला लावल्या. "अनवाणीच चालायचं असतं इथे." चार पावलं गेलो आणि तिघी नाचायला लागलो! काळी वाळू उन्हात तव्यासारखी तापते, हे वहिनींना कुठून कळणार? त्यांच्याकडे टॉवेल येतात ते गार होऊनच.

"अगं, भाजले मी!" अक्का ओरडल्या.

"होतं तसं सुरुवातीला," वहिनी एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत म्हणाल्या. "नंतर सवय होते."

"तुला झालीय का सवय?"

"झालीय की!" वहिनी पुन्हा उडाल्या आणि पाण्याच्या दिशेने पळत सुटल्या. आजूबाजूचे पाहुणे टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, हा इथलाच काहीतरी नाच असेल. अक्का पाण्यात उभ्या राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग हसणं थांबलं आणि त्यांनी बहिणीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी लगेच विषय बदलला. कशावर, ते आठवत नाही, बहुतेक माझ्या नवऱ्याच्या घोरण्यावर.

राहिला पिठाचा किनारा. तो वहिनींनी शेवटी ठेवला होता. बसमध्ये सगळा वेळ त्याचंच वर्णन. रुंदी अशी, वाळू तशी, टोकापर्यंत चालत गेलं की पाय दुखतात पण मन भरत नाही. उतरलो, झाडीतून गेलो, दगडी पायऱ्यांपाशी आलो आणि थांबलो. खाली किनारा नव्हताच. पायऱ्यांच्या खालून तिसऱ्या दगडाला पाणी लागलं होतं, त्यापुढे नुसता समुद्र. वाळूचा एक कण नाही.

"कुठाय?" अक्का म्हणाल्या.

वहिनींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "इथेच असतो," त्या हळूच म्हणाल्या. मी विषय बदलायला तोंड उघडलं, पण एवढा मोठा किनारा हरवल्यावर कोणता विषय काढणार?

पायऱ्यांच्या कडेला एक शहाळेवाला बसला होता. त्याला आमची दया आली असावी. "भरती आहे, बाई. भरतीला हा किनारा पूर्ण बुडतो. सगळ्यांना ठाऊक आहे." आणि वहिनींकडे बघून प्रेमाने विचारलं, "नवीनच आलात का बेटावर?"

मी त्या शहाळेवाल्याला मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. वहिनींचा चेहरा उतरला. अक्कांनी पिशवी खाली ठेवली. वरच्या पायरीवर बसल्या, शेजारची जागा हाताने पुसली आणि म्हणाल्या, "बस. आणि सांग."

वहिनींनी सगळं सांगितलं. तळघर, पिशव्या, टॉवेल, झटकणं. सांगताना एकदाही वर पाहिलं नाही.

"म्हणजे तू एकदाही आली नाहीस?"

"नाही."

"आणि दर सुट्टीला जायचो म्हणायचीस, तेव्हा काय करायचीस?"

"सुट्टीच्या दिवसांत हॉटेल भरलेलं असतं, अक्का. तेव्हा सगळ्यांत जास्त चादरी."

अक्का उठल्या आणि काठीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. मग माझा दंड धरून मला झाडाखाली घेऊन गेल्या. पकड अशी, की लहानपणी वहिनींनी धपाटे कसे सोसले असतील याची कल्पना आली. "तू हिच्याबरोबर राहतेस," त्या म्हणाल्या. "मला खोटं सांगू नकोस. पुरे झालं आता खोटं. ही इथे सुखात आहे का?"

मला थट्टा करता येते, टोमणे मारता येतात. असा सरळ प्रश्न मला कुणी विचारत नाही. मी वहिनींकडे पाहिलं. पायरीवर गुडघ्यांना मिठी मारून बसल्या होत्या, शाळेत चूक झालेल्या मुलीसारख्या.

"अक्का, काम जड आहे," मी म्हटलं. "पाठ दुखते त्यांची, उन्हाळ्यात तळघरात जीव नकोसा होतो. पण दीर त्यांच्याशिवाय जेवत नाहीत. शिकायला बाहेर गेलेला मुलगा रोज फोन करतो. तळघरातल्या बायकांचं त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. मी रोज भांडते, पण त्या दोन दिवस आजारी पडल्या तर मला घर खायला उठतं. किनारे खोटे होते. मजेत आहे म्हणायच्या, ते खोटं नव्हतं."

अक्कांनी माझ्याकडे नीट पाहिलं. विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवत होत्या. मग दंड सोडला, डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर एक थाप मारली. त्या थापेत कौतुक होतं, असं मी समजते.

परत येऊन त्यांनी शहाळेवाल्याला दरडावून विचारलं, "ओहोटी कधी?"

"दुपार उलटल्यावर, बाई."

"बसतो आम्ही. तीन शहाळी फोड."

आणि आम्ही बसलो. डब्यातली अंडी-पोळी संपवली. अक्कांनी वहिनींच्या लहानपणच्या अशा गोष्टी सांगितल्या की पुढची दहा वर्षं मला भांडणात कामी येतील. वहिनी आधी रडत होत्या, मग हसत होत्या, मग दोन्ही एकदम. आणि पाणी मागे सरकत गेलं. आधी दगड उघडे पडले, मग एक पांढरी कड, मग ती रुंद होत गेली आणि बघता बघता समोर अख्खा किनारा उभा! ओला, चकाकणारा, एकाही माणसाचं पाऊल न पडलेला. वहिनींनी फोनवर जितका सांगितला होता, त्याहून मोठा.

वहिनी सवयीने बहिणीचा हात धरायला वळल्या. अक्कांनी हात मागे घेतला. "मी येते मागून. आधी तू जा."

"मी एकटी?"

"जा म्हणते ना!"

वहिनी गेल्या. आधी जपून, मग भराभर, मग कपड्यांची पर्वा न करता पाण्यात. "गुडघ्याच्या पुढे जाऊ नकोस गं!" अक्का ओरडल्या. पन्नाशीकडे झुकलेली बाई कमरेपर्यंत गेली. एक लाट आली, वहिनी धपकन बसल्या आणि बसल्या बसल्या खदखदून हसायला लागल्या. इतक्या मोठ्याने हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, आणि माझ्या नकळत मीही हसत होते.

अक्का माझा खांदा धरून पायऱ्या उतरल्या, वाळू तुडवत पाण्यापर्यंत गेल्या आणि बहिणीला हात देऊन उभं केलं. तिच्या कपाळावर चिकटलेले केस बाजूला सारले.

"आता सांग," त्या म्हणाल्या.

"काय सांगू? तुझ्या समोरच तर आहे सगळं."

"किनारा मला दिसतोय. तुला कसं वाटलं ते सांग."

वहिनींनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. बावीस वर्षं न पाहिलेल्या वाळूचं रसभरीत वर्णन करणाऱ्या आमच्या वहिनींना एक शब्द सुचला नाही. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या, आणि अक्का म्हणाल्या, "हं. कळलं."