गुलाबरावांचा दिवा

गाडी बंद पडली की सगळं जग आधी बॉनेट उघडतं. गुलाबराव सीट उचलायचे. त्याच्याही आधी रस्त्याकडेच्या दगडावर बसून बिडी पेटवायचे आणि मला म्हणायचे, "बाई, हॉर्न मारून पाहा." मग दिवे, मग स्टार्टर. काय चालतं, काय नाही, ते मी सांगायचे आणि ते डोळे मिटून ऐकायचे. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, माणूस कामचुकार आहे. डॉक्टर असून मला हे कळू नये, की रोग्याला हात लावण्याआधी चार प्रश्न विचारणारा माणूस आपल्याच जातकुळीचा असतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. सिंदीला स्टेशनजवळ माझा दवाखाना होता आणि आसपासच्या खेड्यांत बाळंतपणाला जाणारी बाईडॉक्टर मी एकटीच. गाडी वडिलांची, जुनी विलायती. तिची बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली असायची. गुलाबरावांनी पुलगावच्या डेपोत लष्कराचे ट्रक चालवले होते आणि तिथेच तारांचं काम शिकले होते. ते माझ्याकडे आले आणि गाडी माझी राहिलीच नाही. ती त्यांची झाली.

त्यांच्या खिशात फडक्यात गुंडाळलेला एक बारकासा बल्ब असे, दोन तारा जोडलेला. वीज कुठपर्यंत पोचते ते त्या दिव्यानं कळायचं. "दिव्याले इचारा, बाई," ते म्हणायचे, "मानूस थापा मारते, दिवा नाई मारत." बायामाणसांना यातलं काय कळतंय, असं त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही. सेलूच्या रस्त्यावर, भर उन्हात, पदर खोचून मला गाडीपुढे उभं केलं आणि शिकवलं. एकच वस्तू बंद पडली तर खोट वाटेत आहे. सगळंच मेलं तर खोट बॅटरीच्या टोकाशी आहे. वीज तारेतून जाते, पण परत येते ती गाडीच्या लोखंडातून, आणि ते लोखंड एका जाड पट्टीनं बॅटरीला बांधलेलं असतं. ती पट्टी लोक विसरतात. "जानाऱ्याले सगळे पाहतेत," ते म्हणायचे, "वापस येनाऱ्याले कोनी पाहत नाई."

सेलूला एका लग्नात व्याह्यांची नवी कोरी मोटार मांडवासमोर निपचित पडली. दहा जण घाम गाळत तिला ढकलत होते. गुलाबरावांनी पाना घेऊन त्या पट्टीचा नट अर्धा फेरा आवळला, मोटार गुरगुरली आणि हे महाशय काहीच न झाल्यासारखे पंगतीत जाऊन बसले. त्या माणसाचा मला अभिमान होता. हे लिहितानाही वाटतो, आणि त्याचाच राग येतो.

सिंदीपासून तीन कोसांवरच्या एका गावात एक वस्ती होती. तिथल्या लोकांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, घरातले देव काढले आणि गावाची मेलेली गुरं ओढायचं बंद केलं. गावानं त्यांना वाळीत टाकलं. मी बाहेरची, शिवाय सगळ्यांच्याच घरी माझी गरज, त्यामुळे मला कोणी काही बोललं नाही. मी जात राहिले.

त्या वस्तीतला सदाशिव एका सकाळी सायकलवरून आला. बायको कालपासून अडली होती. गुलाबरावांनी किल्ली फिरवली. ना हॉर्न, ना दिवे. हँडल मारून पाहिलं, तरी नाही. बॅटरी मेली म्हणाले, आणि धावत जाऊन माझ्यासाठी बैलगाडी जुंपून आणली. काळ्या मातीच्या रस्त्यानं मी पोचेपर्यंत उशीर झाला होता. बाई वाचली, मूल गेलं. परत आले तेव्हा गुलाबराव डबा न उघडता पायरीवर बसले होते. मीच त्यांची समजूत घातली, की बॅटरीला कोण काय करणार. दुसऱ्या दिवशी ते ती पुलगावला नेऊन चार्ज करून घेऊन आले.

त्यानंतर वस्तीकडे निघताना गाडी आणखी दोनदा तशीच मेली. जुनी झाली, असं मी सगळ्यांना सांगत राहिले.

पुढच्या वर्षी सदाशिव पुन्हा आला. या वेळी बहिणीसाठी. आम्ही तासाभरापूर्वीच सेलूहून ठणठणीत गाडीनं परतलो होतो. गुलाबरावांनी किल्ली फिरवली, मान हलवली आणि बैलगाडी आणायला गेले. सदाशिव माझ्याकडे न बघता म्हणाला, "पायीच चला, बाई. आमच्याकडं यायचं म्हनलं का तुमची गाडी मरते."

मला झोंबलं. दिवा गुलाबराव फडक्यासकट डॅशबोर्डवर विसरून गेले होते. मी सीट उचलली. बॅटरीच्या दोन टोकांना तारा लावल्या, दिवा लख्ख पेटला. मग पट्टीच्या टोकावरची तार काढून गाडीच्या लोखंडाला लावली, दिवा विझला. म्हणजे पट्टी. नट ढिला होता. नट हादऱ्यांनी ढिला होतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पण पट्टी आणि लोखंड यांच्या मध्ये बिडीच्या कट्ट्याचा कागद होता, नीट चार घड्या घातलेला. हादऱ्यांनी कागदाच्या घड्या पडत नाहीत.

मी तो काढला, नट आवळला आणि सदाशिवला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवत निघाले. वेशीशी गुलाबराव बैलगाडी घेऊन येताना दिसले. मी थांबले नाही. त्या दिवशी मूलही वाचलं, आईही.

संध्याकाळी कागद त्यांच्यासमोर ठेवला. ते म्हणाले, पोरीची सोयरीक त्याच गावात जमत होती आणि वस्तीत गाडी नेणाऱ्याच्या घरी कोणी पोरगी पाहायला येणार नव्हतं. मी म्हटलं, मला सांगायचं होतं, मी स्वतः गाडी नेली असती. चालवायला तुम्हीच शिकवलंत ना?

"सांगाची लाज वाटली, बाई."

एवढं असूनही मी त्यांना कदाचित ठेवून घेतलं असतं. पण मनात एकच गोष्ट घोळत होती, आणि मी ती विचारली. सदाशिवच्या बायकोच्या वेळी काय होतं?

ते एकदम उठून उभे राहिले. "त्या दिवशी म्या काही केलं नाई. लेकरांची आन घेऊन सांगतो. त्या दिवशी बॅटरी खरंच मेलती."

मी त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ते गेले, पुढे कधी भेटले नाहीत. मूल गेलं त्या दिवशी ते जेवले नव्हते, ते मी अजून आठवून आठवून बघते. खरं बोलले असतील. खरं बोलत असतील तर मी एका निर्दोष माणसावर त्या लेकराचं मरण टाकलं. खोटं बोलत असतील तर त्याच हातांनी आणलेल्या बैलगाडीत मी त्या सकाळी चढले होते. त्यांचा दिवा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि तो कुठल्याही तारेचं खरंखोटं सांगतो. त्या एका वाक्याला लावायला मात्र त्याचा काही उपयोग नाही.