लिओनेलला हाक कोणी मारायची

विनिफ्रेड,

तुला समोरासमोर सांगायला गेलं की तू रेडिओ मोठा करतेस, म्हणून लिहिते आहे. लिहिलेलं तू वाचणार नाहीस हेही ठाऊक आहे. तुझा चष्मा कायम दुसऱ्या खोलीत असतो. तेव्हा तुला लिहायचं सोडते आणि तुझ्याबद्दल इतरांनाच सांगते. काही चुकलं तर आपल्या मधल्या भिंतीवर थाप मार.

विनिफ्रेड ठाण्याच्या चरईतली, जन्माने आणि लग्नानेही. पस्तीस वर्षं ती प्रसूतिगृहात सिस्टर होती. अर्धा नौपाडा तिने पाय धरून रडवलेला. आजही टेंभी नाक्यावर एखादा टकला गृहस्थ स्कूटर थांबवून ‘सिस्टर, ओळखलं का?’ विचारतो, आणि ही म्हणते, ‘तोंड कुठे बघितलेलं रे तुझं? तू पायाळू आलेलास.’

नवरा अल्फान्सो लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. मोठा मुलगा लिओनेल, धाकटा ॲड्रियन. सात वर्षांपूर्वी ऑक्टोबरात अल्फान्सो गेला, आणि सगळं सुरू झालं ते त्याच वर्षीच्या नाताळला.

तिच्या घरची रीत अशी, की वर्षाच्या आत माणूस गेलं असेल तर नाताळला कढई चढवायची नाही. गोड येतं ते शेजारपाजारहून, आणि ते घ्यायचंच असतं. लिओनेल तेव्हा नुकताच डोंबिवलीला बिऱ्हाड घेऊन गेलेला. भरल्या घरात तो डबाभर नेवऱ्या, म्हणजे करंज्याच, घेऊन आला. स्वतः तळलेल्या. बापाला आवडायच्या म्हणून.

‘वर्ष नाही झालं आणि पोटच्या पोराने कढई चढवली?’ विनिफ्रेड सगळ्यांदेखत म्हणाली.

‘माझं घर वेगळं आहे ना आता, मम्मी. शेजारच्या घरातलं समज.’

‘शेजारी आहेस, तर शेजाऱ्यासारखं दारातून दे आणि जा.’

त्याने डबा चपलांच्या कपाटावर ठेवला आणि खरंच गेला. सगळे पांगल्यावर विनिफ्रेडने त्यातली एक नेवरी खाल्ली. साखर कमी होती. अल्फान्सोला मधुमेह होता, म्हणून लिओनेल नेहमीच कमी घालायचा. बाप गेल्यावरही त्याचा हात तेवढाच पडला होता. हे कळलं तेव्हा ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली. नळाच्या आवाजात रडलेलं ऐकू येत नाही असं तिला वाटतं. मधली भिंत चार इंची आहे.

त्यानंतर लिओनेल आला नाही. ॲड्रियनला फोन करायचा, मुलीचे फोटो पाठवायचा, पण उंबरा नाही. दर नाताळला विनिफ्रेड फक्त त्याच्यासाठी आंबट इंद्याल, व्हिनेगरमधलं मटण, रांधायची आणि ते चार दिवस एकटीच संपवायची.

गेल्या नाताळच्या आधी ॲड्रियनने निरोप आणला. ‘मम्मी, तू बोलावलंस तर तो येईल.’

‘पाहुण्याला बोलावतात. मुलगा आपणहून येतो.’

‘अगं, पण तूच त्याला शेजारी म्हणालीस ना!’

‘म्हणालेली. मग त्याने भांडायचं. गेला कशाला?’

नाताळच्या दुपारी ॲड्रियनचं कुटुंब घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलं. विनिफ्रेड आणि शेजारीण म्हणून मी, दोघीच घरात. बेल वाजली. दारात एकोणीस वर्षांची मुलगी, हातात क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं स्टीलचं ताट. कपाळ हुबेहूब अल्फान्सोचं.

‘हॅपी ख्रिसमस, ग्रॅनी. ओळखलंस? मी लॉरा.’

‘बाप कुठाय तुझा?’

‘खाली. रिक्षात बसलेत.’

‘का? लिफ्ट चालू आहे की.’

लॉरा चपलेकडे बघत म्हणाली, ‘बोलले, दारातून द्यायचं असतं.’

विनिफ्रेड गॅलरीत गेली. तिसऱ्या मजल्यावरून रिक्षाचा टप दिसत होता आणि बाहेर आलेलं एक कोपर.

‘हाक मार की!’ मी म्हटलं.

‘ऐकू नाही जायचं त्याला.’

‘तुझा आवाज अख्ख्या वॉर्डात घुमायचा.’

तिने कठडा घट्ट धरला. ‘नीला, हाक मारली तर बोलावल्यासारखं होईल गो. मग तो पाहुणाच होईल ना?’

मला इतका राग आला, की मीच ओरडणार होते. पण माझ्या हाकेने येऊन उपयोग काय होता?

ती आत आली. ताटातल्या नेवऱ्या परातीत ओतून लॉरा ताट घ्यायला लागली, तर विनिफ्रेडने ताटावर हात ठेवला. ‘रिकामं परत द्यायचं नसतं. मी भरून आणून देईन. सांग तुझ्या बापाला, मी स्वतः येते.’

‘कधी?’

‘येत्या आठ-दहा दिवसांत.’

ओट्यावर गोडाचे चार डबे शिगोशीग भरलेले होते. पाच मिनिटांत ताट भरलं असतं. पण हे बोलून दाखवायचं नसतं, एवढी अक्कल मला आहे.

रिक्षा वळताना लिओनेलने मान बाहेर काढून वर बघितलं. गॅलरीत मी होते. विनिफ्रेड आत नेवरी तोंडात धरून उभी होती, चावत नव्हती.

मग मला म्हणाली, ‘तू चल माझ्याबरोबर. तू असलीस की तो भांडणार नाही, आणि मीही.’ मी हो म्हटलं.

पहिल्या आठवड्यात तिचा गुडघा सुजला. दुसऱ्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. मग ॲड्रियनची गाडी गॅरेजमध्ये. तेवढ्यात राखेचा बुधवार आला. ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांच्या उपासात ती गोड करत नाही. ईस्टर झाला तर म्हणे, उन्हात डोंबिवलीपर्यंत सगळं पाघळेल. लिओनेलचा फोन नाही. तो वाट बघत असेल किंवा नसेल. विचारायची माझी हिंमत नाही.

काल तिच्याकडे गेले तर ताट घासूनपुसून जाळीच्या कपाटात उभं केलेलं.

‘शनिवारी जाऊ,’ ती म्हणाली.

‘शनिवारी माझी डोळ्यांची तपासणी आहे,’ मी म्हटलं.