मोठी चेष्टा

माझी वहिनी देवासची. लग्न होऊन धारला आली आणि पहिल्याच चैत्रात आईने गौरीची आरास तिच्यावर सोपवली. आमच्याकडे दरवर्षी त्याच पायऱ्या, तीच खेळणी, वर झोपाळ्यात गौर. बायका यायच्या त्या आंब्याच्या डाळीसाठी. आरास पाहायला कुणी येत नसे. वहिनीने वेगळंच मनात घेतलं: गौर देवासहून बैलांच्या डमणीत बसून धारला माहेरी येते. स्वतःचं माहेर तिकडे असून गौरीचं माहेर तिने आमचं घर केलं, याचं आईला फार बरं वाटलं.

मग घरात दुसरा विषयच नाही. आई म्हणाली, देवासची टेकडी मागे घे, गौर झाकली जाते. वहिनी जरा वेळ बघत बसली आणि टेकडी मागे गेली. ओल्या गोणपाटावर अळीव पेरून तिने रस्त्याकडेला शेतं उगवली. मी जात्याच खवचट. मातीचे बैल पाहून म्हटलं, "वहिनी, या शेळ्या गाडी ओढतील का?" ती खळखळून हसली, बैल मोडले आणि नव्याने करताना शिंगं चांगली लांबवली. एवढं बोलणं आमच्या घरात आधी कधी झालं नव्हतं, नंतरही नाही.

हळदीकुंकवाला शेजारच्या पंडितीणबाई आल्या. नवरा पाठशाळेत शिकवायचा, माणसं काशीची. आम्हाला बाजारातली माळवी यायची. काशीची शुद्ध हिंदी कुणाला ठाऊक? आराशीपुढे हात जोडून त्या म्हणाल्या, "बहू ने बड़ी चेष्टा की है।"

वहिनीचा चेहरा उतरला. बायका गेल्यावर तिने आईला विचारलं, "मी देवीची चेष्टा केली का हो?" आईलाही तसंच वाटलं होतं. पुढल्या वर्षी आपल्या पायऱ्याच बऱ्या, एवढंच ती म्हणाली. पंडितीणबाईंना जाऊन विचारावं, हे आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे लग्न होऊन मी देवासला गेले. बऱ्याच वर्षांनी चैत्रात माहेरी आले, तेव्हा पंडितीणबाई ओट्यावर नातीला गजरा गुंफायला शिकवत होत्या. पोर कंटाळली, तशा म्हणाल्या, "चेष्टा तो कर, बेटी, हो जाएगा।" मी जागच्या जागी थांबले. त्यांच्या भाषेत चेष्टा म्हणजे मेहनत, खटपट. त्यांनी त्या दिवशी वहिनीचं कौतुक केलं होतं.

वहिनीला सांगितलं. "म्हणजे त्यांना आवडलं होतं?" तिने पुन्हा पुन्हा विचारलं. मग माळ्यावरून बैल काढले, पुसले, पाटावर ठेवले आणि नुसती बघत बसली.

"आता काही सुचत नाही हो, वन्सं," ती म्हणाली. "बैल कसे दिसतात?"

शिंगं मोडून ते परत शेळ्यांसारखे झाले होते. पूर्वी मी तसं म्हटलं असतं आणि तिने नवी शिंगं केली असती. पण तिला लागेल म्हणून मी म्हटलं, छान आहेत. तिने ते फडक्यात गुंडाळून परत ठेवून दिले.