एक बॅटरी जास्त

लेना नदीकाठच्या आमच्या गावात पारा उणे पन्नासच्या खाली गेला की माणसं बायकोआधी गाडीच्या बॅटरीला उबेत घेतात. दोख्सुन तर तिला जुन्या कोटात गुंडाळून शेगडीपाशी निजवतो. जन्मभर दुधाची गाडी हाकलेला गडी. "माझ्यापुढं रुसेल असं इंजिन अजून जन्मायचंय," हे तो लग्नात सांगतो, मयतातही सांगतो.

त्या सकाळी मात्र त्याचा जीव टांगणीला लागला होता. लेक सायीना पहिलं बाळ घेऊन विमानानं येणार होती. धावपट्टीवर जो आधी पोचेल, बाळ आधी त्याच्या घरी, असं विहीणबाईंशी ठरलेलं. आणि विहीणबाई म्हणजे अक्सिन्या! आदल्या संध्याकाळीच येऊन शेजारच्या घरी मुक्काम ठोकून बसलेली. तिची गाडीही दोख्सुनच्या गाडीसारखीच करडी, गल्लीतच उभी.

"निघा हो, ती बया चहा पितेय तोवर!" बायको मात्र्योनानं दारातून ढकललं.

बाहेर धुकं असं की स्वतःचा हात परक्याचा वाटावा. बॅटरी पोटाशी धरून दोख्सुन चाचपडत गेला. गोधडी पांघरलेलं बॉनेट हाताला लागलं. त्यानं इंजिन तापवायला ब्लोलॅम्प पेटवून गाडीखाली सरकवला, खिशातल्या घावनाचा तुकडा ज्वाळेत टाकला. "खा, आगआजोबा, आणि नातवापर्यंत पोचव."

ऑइल सैल झालंसं वाटल्यावर बॉनेट उघडलं, तर आत बॅटरी बसलेली! वर कोमट.

दोख्सुननं आत बघितलं, मग कोटातल्या गाठोड्याकडं. "काल काढलीच नाही म्हणावं, तर रात्रभर मी निजवलं कुणाला?"

विचाराला वेळ कुठं होता? गाठोडं शेजारच्या सीटवर ठेवलं. किल्ली जागेवरच होती. आमच्याकडं ती गाडीतच राहते. या थंडीत चोर पळून पळून जाणार कुठं? अर्ध्या फिरवणीत इंजिन गुरगुरलं. त्याची गाडी तर तीनदा शिव्या खाल्ल्याशिवाय खोकतही नाही. आज हिला झालं काय?

वाटेत गोंधळ वाढतच गेला. सीट पुढं आलेली, गुडघे हनुवटीला. आरशाला घोड्याच्या केसांची चवरी. "मात्र्योनानं टांगली असेल," त्यानं स्वतःला समजावलं.

धावपट्टीवर तोच पहिला! सायीना बाळ घेऊन दाराशी आली आणि थबकली.

"बाबा, ही सासूबाईंची गाडी."

"छे!"

"चवरी त्यांची. आणि या कोटात कोण?"

"आपली बॅटरी."

परतला तेव्हा दोख्सुनच्या गाडीच्या बॉनेटखालून विहीणबाईंचे बूट दिसत होते. त्यांनी चहा संपवला, धुक्यात समोर आली ती गाडी उघडली, आणि...

"मेल्यांनो, बॅटरी चोरलीत! आत्ता तर बसवली होती!"

"विहीणबाई, ती... माझी गाडी आहे."

काजळलेलं तोंड वर आलं. "मग माझी?"

"इथं. मीच तापवली. आधीही मीच पोचलो."

"माझ्या चाकांवर!"

कोण जिंकलं, हे दोघांनाही सांगता येईना. तेवढ्यात बाळ शिंकलं. अक्सिन्यानं ते पदराआड घ्यावं तसं कोटात घेतलं आणि सगळ्यात जवळचं दार गाठलं. ते दोख्सुनचं होतं.

"आला रे आला, माझा राजा!" मात्र्योनाचा आवाज.

सायीनाही आत गेली. दोख्सुन मागं एकटा उभा. मग त्यानंही आपलं गाठोडं छातीशी धरलं आणि आत शिरला.

"दार लावा आधी!" दोघी आज्या ओरडल्या. "आणि ती बॅटरी शेगडीपासून सरकवा, तिथं बाळ निजणार!"