मुरबाडला दिलेली आत्या

"म्याडम, मी बापावर गेलोय ना, म्हणून मलाच बघा," असं म्हणत बळीरामनं सलग दुसऱ्या वर्षी माझ्यापुढे आ वासला.

मोबाइल नुकते लोकांच्या खिशात आले होते, तेव्हाची गोष्ट. दर गुरुवारी मी कल्याणहून शहापूरच्या एका छोट्या हॉस्पिटलात एंडोस्कोपी करायला जात असे. म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली नळी तोंडावाटे घालून जठर आतून पाहणं. बळीराम खर्डीजवळचा शेतकरी. त्याचा बाप ऐन चाळिशीत जठराच्या कॅन्सरनं गेला. नाक, कान, टक्कल सगळं बापाचं, तेव्हा आजारही याच्याच वाट्याला येणार, असं घरानं ठरवून टाकलं होतं. मागल्या वर्षी नळी गिळून आल्यावर महिनाभर त्याला गावात मान मिळाला होता, आणि तो त्याला आवडलाही होता.

जठर स्वच्छ होतं. तसं सांगितल्यावर स्वारी जरा हिरमुसलीच.

घरी भाताची लावणी चालू होती म्हणून सोबत बायकोऐवजी बहीण आली होती. सुनंदा, मुरबाडकडे दिलेली. कागद भरताना मी नेहमीचा प्रश्न विचारला, "घरात आणखी कुणाला होता?"

"कुणाला नाय," नळीआधीच्या औषधानं बधिर झालेल्या घशानं बळीराम म्हणाला.

"आत्याला होता की रे दादा," सुनंदा म्हणाली. "घास खाली जायचा नाय तिला. बाबांसारखीच चाळिशीत गेली."

"ती घरातली कुठं? ती मुरबाडला दिलेली."

मी पेन खाली ठेवलं. दोन वर्षं मी हाच प्रश्न विचारून हेच उत्तर लिहून घेत होते. लग्न झालेल्या मुलीचं नाव रेशनकार्डावरून जातं, रक्तातून जात नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. माझाच मला राग आला.

सख्खी भावंडं तरुणपणी अशी गेली तर दोष जीनमध्ये असू शकतो. जीन म्हणजे आईबापाकडून मुलांना मिळणारी शरीराची सूचना. ती बिघडली तर या कॅन्सरचा धोका फार वाढतो. मी दोघांचं रक्त मुंबईला पाठवलं. बळीराम निर्दोष निघाला. दोष सुनंदात होता.

"मंग मी दोनदा नळी उगाच गिळली?"

"सराव झाला," मी म्हणाले.

तो हसला नाही. बहिणीकडे बघत बसला.

सुनंदाचं जठरही दिसायला स्वच्छच होतं. पण हा कॅन्सर गाठ न करता जठराच्या भिंतीत लपून पसरतो, म्हणून जागोजागचे तीस बारीक तुकडे काढले. एका तुकड्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या. अगदी सुरुवात होती. मुंबईत तिचं जठर काढून अन्ननलिका थेट आतड्याला जोडली आणि ती वाचली. आता दिवसातून सहा वेळा चिमणीएवढं जेवते आणि सासूला वैताग आणते.

दिवाळीनंतर बळीराम जीप भरून बायका घेऊन आला. हातात जुनी लग्नपत्रिका, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर घरातून लग्न करून दिलेल्या सगळ्या मुलींची नावं लिहिलेली, गावांसकट. आसनगाव, वाशिंद, मुरबाड. पहिलं नाव आत्याच्या लेकीचं.

"सगळ्यांना उपाशी आणलंय," तो ऐटीत म्हणाला. "नळी काय दुखत नाय, सांगितलंय मी त्यांना."

"अहो, आज नुसतं रक्त घ्यायचंय. जेवून आल्या असत्या तरी चाललं असतं."

सात जणींनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. तो निमूट वडापाव आणायला गेला.

तेव्हापासून 'घरात कुणाला?' असं मी विचारत नाही. 'मुली कुठं कुठं दिल्यात?' हे आधी विचारते.