समुद्र न पाहता शिकवलेली भरती

लातूरच्या त्या इंग्रजीच्या क्लासमध्ये माझा नमुना तास होता. जमला तर नोकरी, नाहीतर संध्याकाळच्या गाडीनं परत नांदेड. क्लास चालवणारे सर शेवटच्या बाकावर बसले होते. त्यांनी दिलेल्या कागदावर भरती-ओहोटीच्या दहा शब्दजोड्या होत्या आणि वर सूचना: ‘अर्थात शिरू नका, घोकून घ्या.’

फळ्यावर पहिल्या दोन जोड्या लिहिल्या: ‘हाय टाइड’, ‘लो टाइड’. पोरं एका सुरात म्हणू लागली. मी थांबवलं. अर्थ न सांगता घोकून घेणं हा शिकणाऱ्याचा अपमान आहे, असं मी तेव्हाही मानत होते.

“भरतीला समुद्राचं पाणी चढतं, ओहोटीला उतरतं,” मी म्हणाले.

रेणापूरहून येणारी एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, तुम्ही बघितलाय का समुद्र?”

माझे वडील पत्रकं लिहायचे. वस्तीतल्या नळापासून शिष्यवृत्तीपर्यंत. कच्चा मजकूर मी वाचून दाखवायचे आणि मी घातलेल्या प्रत्येक ओळीला ते विचारायचे, “पाहिलंस का? न्हाई? मग खोड.” अशा घरात वाढल्यावर थाप मारायला जीभ वळत नाही.

“नाही पाहिला,” मी म्हणाले.

वर्ग हसला. मागून सर खाकरले.

“गोदावरी पाहिलीय. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की नांदेडला घाटाच्या पायऱ्या बुडतात. पण ते पाणी पुढं निघून जातं, परत येत नाही. समुद्राचं येतं. चंद्राच्या ओढीनं, बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा.”

मग तिसरी लिहिली: ‘स्विम अगेन्स्ट द टाइड’, म्हणजे पाण्याच्या ओढीच्या उलट पोहणं. खिडकीजवळचा एक जण म्हणाला, “मॅडम, पाणी आपोआप उलटत असंल तर उलटं पोहायचं कशाला? बसावं की काठावर शेंगा खात!”

रेणापूरची मुलगी गर्रकन वळली. “तू काठावर हाईस म्हणून. जो पाण्यात हाय, तो कसा थांबंल?”

कुणी हसलं नाही. मी चौथी जोडी लिहिली: ‘टर्न द टाइड’. समुद्राचं पाणी माणसाला फिरवता येत नाही. तरी परिस्थिती पालटणाऱ्या माणसांसाठी इंग्रजीत हेच म्हणतात, हे सांगितलं. तेवढ्यात तास संपला.

सर पुढं आले. “दहा जोड्या होत्या मॅडम. चारच झाल्या.”

“हाव सर. चारच.”

“आणि समुद्र पाहिला नाही, हे कशाला सांगायचं?”

“तिनं विचारलं होतं.”

त्यांनी वह्या मिटायला लावल्या, फळा पुसला आणि चौघांना उठवून एकेका जोडीचं वाक्य मागितलं. चार वाक्यं आली. मोडकीतोडकी, पण ज्याची त्याची. शेंगावाल्याचंसुद्धा.

“सोमवारी सातला या. उरलेल्या सहा घ्या.”

“अर्थासकट घेईन.”

“मग दोन दिवस जातील.”

“जाऊ द्या.”

सरांनी डस्टर खाली ठेवलं आणि खडूचा डबा माझ्या हातात दिला.